एकदाच ऐकू येणारा आवाज

"हा आवाज खेळात एकदाच ऐकू येतो," गिलांग म्हणाला आणि श्रोत्यांकडे बघत थांबला. टाळ्या हव्या असल्या की तो असा थांबतो, हे नेंदेनच्या एव्हाना ध्यानात आलं होतं.

बांडुंगच्या त्या कॉलेजात व्हिडिओ गेम बनवणारी तिघं मंचावरच्या कोचात रुतून गोष्ट सांगण्याच्या कलेवर बोलत होती. एक बाई म्हणाल्या, खेळणाऱ्याला रडवायचं नसतं, रडायला जागा करून द्यायची असते. डोक्याला फडकं बांधलेल्या गृहस्थांच्या मते त्यांच्या खेळातलं भूत म्हणजे खरं तर समाज होता. भुताला विचारलंत का, असं नेंदेनच्या अगदी ओठावर आलं होतं. तिसरा गिलांग, तिचा धाकटा भाऊ. त्याने तिला आणि अंबूला, म्हणजे आईला, आग्रहाने बोलावून पहिल्या रांगेत बसवलं होतं. अंबूसाठी एक गंमत आहे, एवढंच सांगितलं होतं. एक कॅमेरा मघापासून अंबूच्याच तोंडावर रोखलेला होता.

गिलांगच्या खेळातला तरुण परक्या शहरात राहतो. गावाहून बाप त्याला फोनवर निरोप धाडतो आणि एक दिवस निरोप यायचे थांबतात. हे लिहिताना आपण आतून कसे सोलून निघालो, ते गिलांगने सविस्तर सांगितलं. सोलून निघालेला माणूस चांगला गुबगुबीत दिसत होता. मग दिवे मालवले आणि पडद्यावरच्या फोनमधून एक थकलेला आवाज आला.

"जेवलास का रे? तुला आवडतो तो गोड पेयेम आणून ठेवलाय. ताईच्या हाताला लागू देत नाही. तू ये."

मागोमाग खोकला. अंबूने नेंदेनचं मनगट गच्च धरलं.

"अबाह आहेत," ती म्हणाली. आवाज खाली आणायचंही तिला सुचलं नाही.

अबाहच होते, नेंदेन आणि गिलांगचे वडील. सुरुवातीची 'गिलांग' ही हाक तेवढी कापली होती. शेवटच्या आजारात ते नेंदेनच्या फोनवरून लेकाला असे निरोप धाडायचे, आणि लेकाला सवड झाली तर उत्तर यायचं. अबाह गेले आणि महिन्याभरात तो फोन बाजारात चोरीला गेला. तेव्हा अंबूने गिलांगला विचारलं होतं, तुझ्याकडे असेल ना रे त्यांचा आवाज? सगळं पुसलं गेलं, असं तो म्हणाला होता. वर्षभर अंबूने पुन्हा विचारलं नाही.

दिवे लागले. मागे कुणीतरी नाक शिंकरत होतं. आवाज परत ऐकायची सोय का नाही ठेवली, असं सूत्रसंचालकाने अदबीने विचारलं.

"सोय ठेवली की माणूस दुःखातून सुटतो," गिलांग म्हणाला. "आम्ही ती दया दाखवली नाही."

टाळ्या पडल्या. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर बिळाच्या खोलीवर व्याख्यान! नेंदेनच्या अंगाचा तिळपापड झाला. प्रश्नोत्तरं सुरू होताच तिने सगळ्यात आधी हात वर केला आणि माइक ओढून घेतला.

"हा आवाज कुणाचा आहे?"

गिलांगने तिच्याकडे पाहिलं. क्षणभर त्याचा चेहरा उतरला. लगेच सावरून, हात छातीवर ठेवून तो म्हणाला, "प्रत्येक बापाचा."

सभागृहाने कडकडून टाळ्या वाजवल्या. माइक पुढच्या माणसाकडे गेला. नेंदेन मटकन खाली बसली, तर शेजारची खुर्ची रिकामी होती.

बऱ्याच शोधाशोधीनंतर अंबू बाहेरच्या दालनात सापडली. तिथे हा खेळ खेळून बघायला दिला होता आणि पोरापोरींची रांग लागली होती. अंबूचा एक डाव होऊनही गेला होता. तिच्या हातातला तरुण जिना शोधता शोधता भिंतीला धडका देत राहिला, फोन असलेल्या खोलीपर्यंत पोहोचलाच नाही, आणि वेळ संपली. ती उठून पुन्हा रांगेच्या शेपटाला उभी राहिली होती. मी खेळून देते, असं नेंदेन म्हणाली. अंबूने नकारार्थी मान हलवली. आता जिना कुठे आहे ते कळलंय, म्हणाली.

थोड्या वेळाने गिलांग चाहत्यांबरोबर फोटो काढत बाहेर आला आणि आईला रांगेत पाहून चपापला.

"अंबू, तुम्ही इथे कशाला?"

"परत ऐकायचंय."

"मग मला सांगायचं ना. आजच फोनवर पाठवतो की."

"पुसलं गेलं होतं ना?" नेंदेनने विचारलं.

"तेतेह, तू जरा समजून घे." तो ताईला, सभागृहात बोलत होता त्याच सुरात समजावू लागला. "आधीच दिलं असतं तर आज ऐकताना अंबूला असं वाटलं असतं का? किती खरं होतं ते. कॅमेऱ्यात सगळं आलंय."

नेंदेनला त्याची किळस आली. अंबू रांगेच्या तोंडाकडे बघत होती. गिलांग तिच्या कानाशी वाकला.

"पाठवतो, पण खेळ बाजारात येईपर्यंत कुणाला ऐकवू नका हं. मावशीलासुद्धा नाही. नाहीतर लोकांची मजा जाते."

अंबूने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग खांद्यावरची ओढणी सारखी केली.

"राहू दे," ती म्हणाली. "माझा नंबर येईल आता."

आणि त्याच्याकडे पाठ करून ती रांगेबरोबर एक पाऊल पुढे सरकली.