गार हवेची नळी

"आता फरशीखालचा विषारी रेडॉन वायू नळीतून सगळा वर जाईल, ताई," पंख्याचा वेग वाढवून तपासनीस हेमराज बोपचे म्हणाला. वैरागडेताईंनी उन्हापासून वाचायला जमिनीखाली बांधलेल्या आपल्या गार घरात त्याला पन्हं दिलं.

ती नळी वर जिथे उघडते, तिथे उन्हात कुणी तपासनीस जात नसे. वरच्या चौकीदाराला फोनवर विचारायचं आणि 'ठीक' म्हणून टाकायचं, हीच रीत. आज फोन लागेना, म्हणून हेमराज दार ओढून घेऊन जिना चढला.

वर नागपूर तव्यासारखं तापलं होतं. नळीच्या तोंडाभोवती ताडपत्रीचा आडोसा होता. आत चौकीदाराची बायको रंजू बसली होती आणि नळीसमोरच तिच्या तान्ह्याची झोळी टांगलेली होती.

"तुम्हीच पंखा वाढवला का जी?" ती हरखून म्हणाली. "मस्त गार हवा येऊन राहिली! पोरगं पाहा कसं झोपलं."

हेमराजला तिच्याकडे बघवेना. "या हवेत विष आहे, बाई. पोराला इथून हलव."

रंजूनं ताडपत्री उचलून बाहेरचं ऊन पाहिलं.

"कुठं नेऊ जी?"

खालच्या गार घराचं दार त्यानं मघाशी आपल्याच हातानं लावलं होतं.