टेबलाची चौथी खेप

"चाक फिरेल, थांब बरं, कापणार काय ते सांग खरं."

मिस्त्रीचे वडील प्रत्येक गिऱ्हाइकाला असं गाऊनच विचारायचे. कोणी म्हणे गवत, कोणी म्हणे भाजी, आणि मगच त्यांचा पाय धारेच्या चाकाच्या पट्टीवर पडे. ते जाऊन तीस वर्षं झाली. पण आज डोक्यावर टेबल घेऊन शाळेच्या पायऱ्या चढताना त्या दोन ओळी मिस्त्रीच्या कानात माशीसारख्या घोंगावत होत्या. हाकलल्या तरी जाईनात.

टेबलाची ही चौथी खेप. गावात चार वस्त्या, चार देव, घरात बोलायच्या चार भाषा. दंगलीला महिना झाला, तेव्हापासून पुलावर अडसर होता. चार वस्त्यांच्या चार माणसांनी एकोप्याच्या कागदावर सही केली की तो निघायचा. पुलापलीकडे मिस्त्रीची लेक बाळंत झाली होती. नात अकरा दिवसांची झाली, आणि आजोबाने अजून तिचं फक्त रडणं ऐकलं होतं, तेही फोनवर.

सहीसाठी पहिलं टेबल लांब केलं, तर टोकाशी बसेल तो मोठा ठरेल म्हणून परत. दुसरं गोल केलं, तर दाराकडे पाठ कोणी करायची? तिसरं लहान झालं. गुडघ्याला गुडघा लागतो म्हणाले. बायको वैतागली होती, "नाही म्हणायला तोंड नाही का तुम्हाला?" मिस्त्रीने नवी फळी मापायला घेतली. महिनाभर तो असाच गप्प होता. दुकानातल्या धारेच्या चाकावर त्याने पोतं टाकून ठेवलं होतं.

हे चौथं चौकोनी होतं. वर्गाच्या मधोमध ठेवून मिस्त्रीने त्याचा कोपरा दाराकडे वळवला. आता कोणाचीच पाठ दाराला नाही. दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरनी मान डोलावली आणि कागद उलगडला. दंगलीच्या रात्री जखमा शिवताना कोण कुठल्या वस्तीचा हे त्यांनी विचारलं नव्हतं, म्हणून चौघांनी मिळून त्यांना मध्यस्थ नेमलं होतं.

चौघांपैकी आधी कापडवाले शेठ बसले. त्यांनी टेबलावरून बोट फिरवलं आणि थांबवलं.

"इथे गाठ आहे."

"लाकूड आहे शेठ. गाठ असायचीच."

"असू दे ना. पण माझ्याच पुढ्यात का?"

टेबल फिरवलं. गाठ मास्तरांपुढे आली. मास्तर नापास मुलाकडे बघून हसावं तसे हसले. "वा! म्हणजे खोट तेवढी आमच्या वाट्याला."

पुन्हा फिरवलं. दूधवाल्याने दोन्ही हात उचलून मांडीवर घेतले. "आमची माणसं खाली उभी आहेत. गाठीवर सही करून आलो असं सांगू त्यांना?"

गॅरेजवाल्याने तर पाळी येण्याआधीच खुर्ची मागे ओढली. "इकडे आणूच नका."

"अहो, कागद टेबलावर ठेवायचाय, टेबल कागदावर नाही," सिस्टर म्हणाल्या.

"रंधा मारा ना," शेठ मिस्त्रीला म्हणाले.

"गाठ नाही जात रंध्याने. रंध्याचं पातं जातं."

"मग वरून एक कापड घालू," सिस्टर म्हणाल्या आणि लगेच जीभ चावली.

"कोणत्या रंगाचं?" चौघांनी एकदमच विचारलं. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून एक वाक्य निघालं होतं. त्या रंगावर अर्धा तास गेला. खिडकीतून पूल दिसत होता. पलीकडच्या टोकाला एक बाई दुपट्यातलं काहीतरी छातीशी धरून उन्हात उभी होती. इतक्या लांबून ती लेकच असेल असं नाही. पण मिस्त्रीने हात हलवला, आणि तिनेही हलवला.

"असं करू," शेवटी मास्तर म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही नवीनच करून आणा. बिनगाठीचं. आठवडा लागला तर लागू दे."

"हो, घाई काय आहे," दूधवाला म्हणाला. "तसंही पहिली सही कोणाची, ते कुठे ठरलंय?"

"पहिली अर्थातच..." शेठनी सुरुवात केली.

"अर्थातच म्हणजे?" गॅरेजवाला उठलाच.

मिस्त्रीने टेबल उचलायला हात घातला. मग काढून घेतला. त्याने कानावरची पेन्सिल काढून गाठीवर ठेवली.

"आदल्या दिवशी भांडला नव्हतात तुम्ही," तो म्हणाला.

"कशाच्या आदल्या?" सिस्टरनी विचारलं.

"दंगलीच्या. सिस्टर, हे चौघेही दुपारी माझ्या दुकानात होते. शेठच्या कापडाच्या ताग्यात कोयते होते, मास्तरांच्या दप्तरात होते. यांनी दुधाच्या कॅनमधून आणले, गॅरेजवाल्यांनी गाडीच्या सीटखाली घालून." त्याचा आवाज चढला नव्हता. "रांग लावून उभे होते. 'आधी तुमचं होऊ द्या, आम्हाला घाई नाही,' असं एकमेकांना म्हणत होते."

उठलेला गॅरेजवाला पुन्हा खुर्चीत बसला.

"सगळ्यांच्या कोयत्यांना एकाच दगडावर धार लावली मी," मिस्त्री म्हणाला. "आणि काय कापणार, ते एकालाही विचारलं नाही."