पैजेचा सातवा दिवस

सात दिवस तोंडून अभद्र बोल काढायचा नाही. बदल्यात नवरा, दिगंबर, तंबाखू कायमची सोडणार. कुमुदला सौदा स्वस्त वाटला होता. एरवी दूध उतू गेलं तरी तिला घरावर संकट दिसायचं. तिसऱ्याच दिवशी ती हरणार, हे दिगंबर धरूनच बसला होता.

सातव्या दिवशी जेवताना त्यानं ठेचा बाजूला सारला. "झोंबतोय गं." आ केला तेव्हा गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. कुमुदला नको तेच सुचलं. बोलावं तर पैज जाणार, न बोलावं तर नवरा.

"बोल की! आलंय अगदी ओठावर," तो डिवचत म्हणाला.

तिनं जन्मात पहिल्यांदाच भीती उलटी करून मांडली. "लवकर दाखवलं की लवकर बरं होतं. उठा, शर्ट घाला."

त्यानं आरशात पाहिलं. चेहरा उतरला. "आणि तसलंच काही निघालं तर?"

सात दिवसांतलं पहिलं अभद्र वाक्य त्याच्या तोंडून आलं होतं. तंबाखूची डबी तिच्या हातात देऊन तो चपला शोधू लागला. पैज कुमुद जिंकली. किंमत मात्र रिपोर्ट येईपर्यंत दोघांनी भरली, रोज थोडी थोडी.