मास्तरांचा उजवा पाय

“आरसा?” लेकीने विचारलं.

“पाहिला.”

“पट्टा?”

“अगं बये, हे प्रश्न मीच तुला शिकवलेत,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी किल्ली फिरवली.

तीन महिने कव्हरखाली झोपलेली गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. मागच्या सीटवर आई पाठीशी उशी घेऊन बसली होती. खरं तर तिने घरीच थांबायचं ठरलं होतं. पण “ने-आण माझीच करणार आहेत ना? मग परीक्षाही माझ्यासकट होऊ दे,” म्हणत ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली. तिच्यापुढे त्या घरात कुणाचं काही चालत नसे.

मास्तर म्हणजे लेकीचे वडील. गाडी शिकवण्याची शाळा त्यांनी काढली, अर्ध्या गावाला स्टिअरिंग धरायला शिकवलं आणि मग शाळा लेकीच्या हाती सोपवली. स्वतःकडे एकच काम ठेवलं, आठवड्यातून तीनदा बायकोला डायलिसिसला न्यायचं. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला आणि तेही काम लेकीकडे आलं. सकाळच्या शिकवण्या बुडत होत्या, त्याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. आईला घेऊन निघताना काठी टेकून दारात उभे राहिलेले बाबा मात्र तिला बघवत नसत.

“चालणं झकास आहे,” फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या होत्या. “पण अचानक ब्रेक दाबता येतो का ते बघा. येत नसेल, तर गाडीला हात लावायचा नाही.”

आज तेच बघायचं होतं. नाही जमलं तर किल्ली काढून घ्यायची, ती कायमची, असं लेकीने मनाशी पक्कं केलं होतं. बाबांना ते कोणत्या तोंडाने सांगायचं, हे मात्र ठरलं नव्हतं.

गाडी गल्लीतून बाहेर पडली तशी तिने दाराची मूठ पकडली. रोज सहा-सहा नवशिक्यांच्या शेजारी बसणारी बाई ती, पण त्यांची तिला कधी अशी भीती वाटली नव्हती. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक जास्तीचा ब्रेक असतो. नवशिका गांगरला की आपण तो दाबायचा आणि वर त्यालाच “शाब्बास” म्हणायचं. पहिल्याच दिवशी खरं सांगितलं तर तो पुन्हा गाडीत पाय ठेवत नाही, हा मास्तरांचा नियम. लेकीने तो जसाच्या तसा उचलला होता.

“पाय कसा आहे?” तिने विचारलं.

“आहे अजून माझ्याच अंगाला.”

“अहो, नीट सांगा की तिला,” मागून आई म्हणाली.

“जड वाटतोय थोडा,” मास्तर पुटपुटले. त्यांच्या कपाळावर घाम होता. सिग्नलपाशी गाडी पांढरी रेघ ओलांडून थांबली, तीही हिसका देऊन. लेकीने पाय सावरून घेतला आणि नजर त्यांच्या गुडघ्यावर ठेवली.

दुकानांच्या रस्त्यावर एक ट्रक माल उतरवत उभा होता. त्याच्याआडून एक म्हातारी हातात पिशवी घेऊन सरळ गाडीसमोर आली.

लेकीला बाबांचा चेहरा दिसला. तोंड उघडं, डोळे थिजलेले. तिने मागचापुढचा विचार केला नाही. सगळा जीव पायात आणून तिने दाबला, इतक्या जोराने की तळव्यातून कळ गेली. टायर किंचाळले, आई पुढच्या सीटवर आदळली आणि गाडी थांबली. म्हातारी आणि गाडी यांच्यात हातभर अंतर उरलं होतं.

म्हातारीने गाडीतल्या तिघांच्याही सात पिढ्यांचा उद्धार केला आणि ती चालू लागली.

“शाब्बास,” लेकीच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

मास्तरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. मग गाडी बैलगाडीच्या चालीने घरी परत आली.

फाटकाशी त्यांनी इंजिन बंद केलं. लेक शब्द जुळवत होती, तोवर त्यांनी आपणहून किल्ली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

“ते शाब्बास माझं आहे,” ते म्हणाले. “चाळीस वर्षं वाटलंय मी ते. मला ओळखू येणार नाही होय?”

“बाबा, तसं नाही...”

“पाय हलल्याचं मला कळलंच नाही गं. कमरेखाली काही आहे की नाही तेच समजेना. तू दाबला नसतास तर ती बाई गेली असती. आणि मागे ही बसलेली.”

लेकीला रडू आवरेना. तिने किल्ली मुठीत घट्ट धरली. “हो बाबा, मीच दाबला. यापुढे आईला मीच नेईन. तुम्ही नका चालवू आता.”

मास्तरांनी मान हलवली. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाचं इतक्या मुकाट्याने ऐकलं नव्हतं.

आई मागून पुढे वाकली. तिला गाडी कधी जमली नव्हती. बापलेकींनी आळीपाळीने शिकवून तिच्यापुढे हात टेकले होते. दोन्ही सीटांच्या मधून तिने लेकीच्या पायाशी पाहिलं. मग चष्मा सारखा करून पुन्हा पाहिलं.

“काय दाबलंस गं तू?” ती म्हणाली. “शिकवणीची गाडी तिकडे शाळेत उभी आहे. ही आपली घरची. हिच्यात तुझ्या पायाशी पायपुसणं सोडलं तर दाबायला आहेच काय?”