पाळण्याखालून

"पहिल्या कोण बसताय?" पाळण्याची दोरी धरून बायडाबाईंनी विचारलं. "सवाष्णींनी फुडं यायचं. दोघी समोरासमोर बसा, एकीनं खालनं द्यायचं, दुसरीनं वरनं."

चौरंगावर बसलेल्या वर्षाराणीनं मांडीवरच्या बाळाची कुंची सारखी केली. गालावर काजळाची तीट तिनंच सकाळी लावली होती, जरा मोठीच. बाळाला न्हाऊ घालताना, पाजताना, गेला आठवडाभर ती एकच वाक्य पुटपुटत होती. पहिल्यांदा माझी आई घेईल. सासूबाईंना, बायडाबाईंना, एवढंच सांगायचं होतं.

आई स्वयंपाकघरात घुगऱ्या हलवत होती. बाबा गेल्यापासून शाहूपुरीतल्या या घरात काहीही असलं, की ती कोडोलीहून सकाळच्या पहिल्या गाडीनं यायची आणि आपण होऊन आतली खोली धरायची. कुणाला काही बोलायची वेळच येऊ द्यायची नाही.

बाहेर बायकांची 'तुम्ही बसा, तुम्ही बसा' चालली होती. त्यांचं ठरू दे, मग बोलू, असं वर्षाराणीनं ठरवलं. निरांजन लागू दे, मग बोलू.

"थांबा जरा," तेजस्वी म्हणाली. तेजस्वी म्हणजे तिची धाकटी जाऊ. अर्ध्या दिवसाची रजा टाकून धावत आलेली, गळ्यात ऑफिसच्या ओळखपत्राची पट्टी अजून तशीच. "मावशी कुठायत?" वर्षाराणीच्या आईला ती मावशी म्हणायची.

"आत हायत की. घुगऱ्या बघायला लागत्यात न्हवं?" सासूबाई म्हणाल्या.

"गॅस बंद करता येतोय, आत्या. दवाखान्यात बाळाला पहिल्यांदा हातात त्यांनीच घेतलं. तवा चाललं. मग पाळण्यापाशी का चालत न्हाई?"

हे वाक्य वर्षाराणीचं होतं. गच्चीवर दुपटी वाळत घालताना तिनंच ते तेजस्वीला ऐकवलं होतं, अगदी याच शब्दांत. तिथं ऐकायला दुसरं कुणी नव्हतं, तरी तिचा आवाज कापला होता. तेजस्वीचा कापला नाही.

"तुझं आपलं दर वेळी नवं," बायडाबाई म्हणाल्या. "रीत म्हणून काय हाय का न्हाई?"

"हाय की. ती बदलूया."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. शिरोळच्या काकूंनी पर्स उचलली. "आमची एसटी हाय बाई," म्हणत त्या दाराकडं निघाल्या. उरलेल्यांत कुजबुज झाली, आणि त्यातलं एक वाक्य वर्षाराणीच्या कानावर नीट आलं.

"जावंच्या आईसाठी भांडतीया बघ. सख्खी लेक गप्प बसलीया."

तेजस्वी आत गेली आणि आईला दंडाला धरून उंबऱ्यापर्यंत घेऊन आली. आईचे हात ओले होते, कपाळावर वाफेचा घाम.

"नगं गं बाई. शुभाचं काम हाय," आई म्हणाली. "मी काय, येती तवा घेतीच की त्याला."

बायडाबाईंनी चौरंगाकडं बघितलं. "बाळाची आई हाय ती. ती म्हणंल तसं." मोठी सून काही म्हणणार नाही, हे त्यांना पाठ होतं.

सगळ्यांनी वर्षाराणीकडं बघितलं.

नुसतं हो म्हणायचं होतं. पण हो म्हटलं, की हे तेजस्वीचं झालं. उद्या पाहुण्यारावळ्यांत फोन फिरणार ते तेजस्वीच्या नावानं. बाळ वर्षाराणीचं, आई वर्षाराणीची, वाक्यसुद्धा वर्षाराणीचं. तिच्या जिभेवर दुसराच शब्द येऊन बसला. राहू दे. किती सोपा होता तो. सासूबाई खूश झाल्या असत्या, आणि तेजस्वीचं ते उजळलेलं तोंड चारचौघींत उतरलं असतं.

"बोला की वैनी," तेजस्वी हळूच म्हणाली. त्या हळू बोलण्याचाच जास्त राग आला.

आईनं लेकीच्या तोंडाकडं नीट बघितलं. "रात्रभर जागी असती ती. दमलीया. नका तिला पेचात धरू." पदराला हात पुसत ती माघारी वळली. लेकीला सांभाळून घेतलं, नेहमीसारखं.

"आई," वर्षाराणी म्हणाली. आवाज कापलाच. "हात धू आणि ये."

बायडाबाईंच्या हातातली दोरी सुटली. पाळणा रिकामाच हलला. "बरं," त्या म्हणाल्या. "पण पलीकडं कोण बसतंय मग?"

कुणीच हललं नाही. एकीनं निऱ्या सारख्या केल्या, एक मोबाइल बघायला लागली. मी बसते, असं म्हणून वर्षाराणी एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात ओटीचा नारळ सावरत उठायला लागली. तोवर तेजस्वी पलीकडं मांडी घालून बसलीसुद्धा होती, हात पसरून.

आईनं हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. बाळाला उराशी धरून ती वाकली आणि पाळण्याखालून त्याला पलीकडं दिलं. तेजस्वीनं ते वरून परत दिलं. आणखी एकदा. पोरानं मोठी जांभई दिली, तशी सगळ्याजणी हसल्या. "आता आम्हाला द्या," म्हणत दोघी पुढं सरकल्याही.

आईनं बाळ सोडलं नाही. डोळे भरून ती पलीकडं बघत होती. "गुणाची गं माझी बाय," ती म्हणाली. "दृष्ट लागंल कुणाची तरी."

बाळाच्या गालावरची तीट तिनं बोटावर घेतली आणि हात लांब करून तेजस्वीच्या कानामागं लावली.

मग तिनं चौरंगाकडं बघितलं. वर्षाराणी घाईघाईनं ओटीतला नारळ बघायला लागली.