कलमाखालची फूट

"बघ, तुझ्या ताईचा गुलाब कसा फोफावलाय!" अप्पांनी मेहुणीला कौतुकानं गॅलरीत नेलं.

कुंडीतला तो बुटका गुलाब बारमाही फुलायचा. बायको गेल्यावर जुन्या फांद्या वाळल्या, पण बुंध्यातून एक फांदी सरसर वर आली. अप्पांनी ती बायकोच्या साडीच्या काठानं गजाला बांधली होती. कळी मात्र धरत नव्हती.

मेहुणी वाकली. "भाऊजी, गुलाबाचं कलम रानगुलाबाच्या खुंटावर बांधतात. ही त्या खुंटाची, कलमाखालची रानटी फूट. ताई अशी फूट दिसताक्षणी मोडायची. मुळांचा सगळा रस हिनंच ओढला. ताईचा गुलाब केव्हाच गेला."

अप्पांना आठवलं, तेव्हा ते बायकोवर खेकसायचे, "चांगली जिवंत फांदी मोडतेस कशाला?"

"काढून टाकू?" मेहुणीनं हळूच विचारलं.

अप्पांनी काठाची गाठ सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली.

"राहू दे. रोज सकाळी हिच्याशीच बोलतो मी."