सुलूची फ्लॉपी

"बटण बंद कर. पूर्ण बंद. आणि थोडं थांब," जमुनाबाई म्हणाल्या.

सुलूने कॉम्प्युटर बंद केला. आतल्या पंख्याचा आवाज विरला. बाहेर भोंगा झाला आणि पहिल्या पाळीची माणसं सायकली घेऊन बोईसरच्या रस्त्याला लागली.

चालू कॉम्प्युटरमध्ये डिस्क घालून व्हायरस आहे याची खात्री जमुनाबाईंनी आधीच केली होती. सकाळी शेजारच्या कारखान्यातही त्यांनी तसंच केलं होतं. ही त्यांची रेस्क्यू डिस्क, म्हणजे दुरुस्तीची फ्लॉपी. कॉम्प्युटर स्वतःच्या आजारी डिस्कवरून सुरू न होता हिच्यावरून सुरू होई आणि मग साफसफाई करता येई.

"कॉम्प्युटरला सर्दी झाली की डॉक्टरीणबाई येतात," चहा ठेवता ठेवता शिपाई मारुती म्हणाला. "आमाला ताप आला तर पंखा पन मिळत नाय."

सुलू हसली. जमुनाबाई पडद्याकडे बघत राहिल्या. व्हायरस काढला, असं पडद्यावर आलं. या मशीनवर ते पूर्वीही आलं होतं. मग काही दिवसांत मशीन पुन्हा अडायचं आणि मालाच्या नोंदी गायब व्हायच्या.

जमुनाबाईंनी डिस्क बाहेर काढली आणि सवयीने तिच्या कोपऱ्यातली बारीक खिडकी नखाने चाचपली. बंद होती. पालघरला क्लास काढला तेव्हा मोठ्या, लवलवत्या फ्लॉप्या होत्या. त्यांच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावली की त्यांच्यावर काही लिहिलं जात नसे. व्हायरससुद्धा नाही. या नव्या छोट्या फ्लॉप्यांना पट्टीच्या जागी सरकती खिडकी आली होती; ती बंद म्हणजे फ्लॉपी लॉक, एवढाच फरक.

वाघचौरे साहेब दारात उभे राहिले. "मॅडम, हे परत परत का होतं?"

"बाहेरची फ्लॉपी येत असणार. लॉक न केलेली फ्लॉपी आजारी कॉम्प्युटरमध्ये घातली की तिला लागण होते. मग ती जिथे जाईल तिथे देते."

"या मशीनवर सुलूशिवाय कोणी बसत नाही."

सुलूने ड्रॉवर उघडून निळी फ्लॉपी पुढे केली. जमुनाबाईंच्याच क्लासमध्ये ती टायपिंग शिकली होती, तेव्हाचे पत्रांचे नमुने तिच्यात होते. मासवणहून क्लासला येताना ती फ्लॉपी रुमालात गुंडाळून आणायची.

"एवढीच हाय साहेब. आनि ती लॉक हाय."

जमुनाबाईंनी फ्लॉपी उजेडात धरली. तिच्या कोपऱ्यातल्या भोकातून ऑफिसच्या खिडकीतलं आकाश दिसत होतं.

"उघडी आहे, सुलू."

"पन बाई, उघडी म्हंजेच तर..."

"सुलू. मी काय शिकवलं होतं?"

सुलूने त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "तुमी सांगता म्हंजे तसंच असंल, बाई."

फ्लॉपी तपासायची गरज नव्हती. ती पुन्हा ड्रॉवरमध्ये गेली. पुढच्या महिन्यात सुलूला कायम करणार होते. ते पत्र टाइपही झालं होतं. तिनेच केलं होतं. साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. दार बंद झालं. जमुनाबाईंनी गार झालेला चहा संपवला. या भागात नव्याने आलेल्यांना रसायनांचा वास यायचा. त्यांना तो येईनासा झाला होता.

सुलू बाहेर आली. तिने डबा पिशवीत टाकला.

"येते, बाई."

"दुसरीकडे बघू काहीतरी," जमुनाबाई म्हणाल्या.

"दिवाळी झाली की आई वीटभट्टीवर जाते. यंदा मी पन जाईन." ती हे बसची वेळ सांगावी तसं म्हणाली.

दिवाळी झाली. थंडी पडू लागली. एक दिवस वाघचौरे साहेबांचा फोन आला आणि जमुनाबाई पुन्हा त्याच खुर्चीत बसल्या. नव्या माणसाने घरून काहीच आणलेलं नव्हतं. त्याची झडती घेऊनच त्याला आत सोडत.

त्यांनी चालू मशीनमध्ये डिस्क घातली. व्हायरस होता. मशीन बंद केलं, डिस्कवरून सुरू केलं, साफ केलं.

"सुलू गेली, तरी परत?" साहेबांनी विचारलं.

"तिची फ्लॉपी इथेच राहिली असेल. कोणीतरी वापरली असणार."

मारुतीने ड्रॉवरच्या तळाशी हात घालून निळी फ्लॉपी काढली. वर धूळ होती. त्याने ती शर्टाला पुसली. "पोरगी भेटली होती मनोरच्या बाजारात. हात पार फाटलेत तिचे इटांनी. बाई बऱ्या हायत का, म्हनून तुमची चौकशी करत होती."

जमुनाबाईंनी फ्लॉपी तपासली. तिच्यात व्हायरस नव्हता. तरी ती पुसून टाकलेली बरी, असं त्यांना वाटलं. त्यांनी हुकूम दिला.

कॉम्प्युटरने नकार दिला. ही फ्लॉपी लॉक आहे, हिच्यावर काही लिहिता येत नाही, असं पडद्यावर आलं.

त्यांनी पुन्हा हुकूम दिला. पुन्हा तेच.

त्यांनी फ्लॉपी बाहेर काढली. कोपऱ्यातली खिडकी उघडीच होती. नखाने ती सरकवून बंद केली आणि फ्लॉपी परत आत घातली. या वेळी कॉम्प्युटरने हरकत घेतली नाही. पत्रांचे सगळे नमुने मुकाट पुसले गेले.

"झालं का बाई?" मारुती म्हणाला. "शेजारच्या कंपनीचा मानूस गेटवर येऊन थांबलाय. त्यांचं मशीन पन परत बिघडलंय."

जमुनाबाईंनी पर्स उघडली आणि आपली रेस्क्यू डिस्क उजेडात धरली. तिची खिडकी घट्ट बंद होती.